ठाण्यात राहिलेली बंदूक

निवडणूक लागली की आमच्या घरातली बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची. परवाना होता, पण नियम तो नियम. आता डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार? बंदूक गेली की ती खुशाल भातात शिरायची, आणि सासरे निकालाची वाट बघत बांधावर डबे बडवायचे.

मागच्या निवडणुकीत त्यांनी बंदूक जमा केली आणि निकालाआधीच ते गेले. तेरावा उरकला तशी दोन्ही मुलांना बंदूक आपापल्या नावावर हवी झाली. माझ्या नवऱ्याला डुकरांसाठी. दिराने वाट्याची जमीन रिसॉर्टला विकून पुण्याला लागून भूगावात फ्लॅट घेतलाय, तिथे डुक्कर कुठलं? पण खांद्याला बंदूक असली की लग्नात लोक उठून खुर्ची देतात, असं त्याचं म्हणणं. दर रविवारी हाच विषय. ऐकून ऐकून माझे कान किटले. खरं सांगायचं तर बंदूक मलाही हवी होती. लावणीला कंबर माझीच मोडते. आणि नकोही होती, कारण नवऱ्याच्या नाकावर कायम राग.

दोघांपैकी कुणाच्याही नावावर करायची तर सासूबाईंची संमती लागणार होती. कागद पुढे केला की त्या उठून गोठ्यात जायच्या.

खंडेनवमीला त्यांनी नेहमीसारखी पूजा मांडली. विळे, पहार, कोयता धुऊन पुसून हळदीकुंकू वाहिलं. मध्ये बंदुकीची जागा तेवढी रिकामी. त्यावरून पुन्हा सुरू झालं. बोलता बोलता बंदुकीवरून गाडी रिसॉर्टच्या कुंपणावर गेली, कुंपण आमच्या बांधावर आलंय त्यावर. दीर म्हणाला, जमतंय तर काढून दाखव. नवरा ताडकन उठला आणि त्याने पूजेतला कोयता उचलला.

उचलला तेवढाच. मग त्याचं त्यालाच उमगलं, त्याने तो खाली ठेवला. तळहाताला कुंकू लागलं होतं.

सासूबाईंनी कोयता उचलून पुन्हा जागेवर नीट लावला.

"बंदूक कुनाच्याच नावावर व्हनार न्हाई," त्या म्हणाल्या. "आज हितं कोयता व्हता म्हनून दोघं उभं हायेत."

दीर न जेवताच गेला. बंदूक घरी आली नाही ती नाहीच.

यंदा ऐन कापणीच्या तोंडावर डुकरांनी खालचं भाताचं खाचर लोळवलं. आम्ही आळीपाळीने डबे बडवले, माझे खांदे भरून आले, तरी कळप हटला नाही. सकाळी घरी आले तेव्हा मी रडकुंडीला आले होते. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. आख्खं खाचर गेलं, मी म्हटलं, बंदूक असती तर वाचलं असतं.

"गेलं ते भातच न्हवं?"

हो म्हटलं.

"मग च्या ठिव," त्या म्हणाल्या.