गुलाबरावांची क्लॅरोनेट आणि माझी केबल

गाणं वाजत होतं, पण गाणारी बाई गायब होती. व्हायोलिन होतं, मागचा कोरस होता, बाईच्या आवाजाचा घुमारासुद्धा कुठून तरी लांबून येत होता. फक्त ती स्वतः नव्हती. सौसरच्या मंगल कार्यालयात सकाळचे साडेनऊ झाले होते आणि साडेअकराचा मुहूर्त होता.

"सुरेशभाऊ, बाई कुठं गेली?" नामदेव मास्तरांनी मला विचारलं.

"तुमी गाणंच तसं उतरवलं असंल," मी म्हणालो. "गाणाऱ्याचा आवाज काढलेली गाणी मिळते नेटवर."

"काल घरी तर गाऊन राहिली होती."

मी पांढुर्ण्यात अठ्ठावीस वर्षांपासून ॲम्प्लिफायर, मिक्सर, स्पीकर दुरुस्त करतो. मास्तर माझे जुने गिऱ्हाईक. तीस वर्षं त्यांनी बँड चालवला, स्वतः ट्रंपेट वाजवली. मग वाजवणारे म्हातारे झाले, लग्नं डीजेकडे गेली, बँड बंद पडला. मास्तर काही दिवस घरी बसले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकाऊ लोकांचा डीजे कंट्रोलर घेऊन आले. कंट्रोलर म्हणजे दोन गोल चकत्या आणि बटणं असलेली पाटी. गाणी लॅपटॉपमध्ये असतात, पाटीवरून ती चालवायची. गावाने हसून घेतलं. मीही हसलो, पण गिऱ्हाईक असल्यामुळे मनातल्या मनात.

त्यांचं हे पहिलंच काम होतं, म्हणून मलाही सोबत आणलं होतं, आणि ते साधं नव्हतं. लग्न गुलाबरावांच्या मुलीचं, ज्योतीचं होतं. गुलाबराव मास्तरांच्या बँडात क्लॅरोनेट वाजवायचे. "लोकांच्या पोरींच्या लग्नात वाजवलं, माह्या पोरीच्या लग्नात बी मीच वाजवीन," असं ते ज्योती लहान असल्यापासून सांगत आले होते. गेल्या वर्षी लकवा मारला आणि उजवा हात गेला. तेव्हा मास्तरांनी शब्द दिला, की नवरदेव मांडवात येईल तेव्हा तुझीच क्लॅरोनेट वाजेल. बँडच्या शेवटच्या सुपारीत कोणीतरी मोबाइलवर अडीच मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं, त्यात गुलाबरावांची क्लॅरोनेट होती आणि साथीला मास्तरांची ट्रंपेट. दुसरं कुठेच काही नव्हतं. आज वाजवायचं होतं ते तेच.

सकाळपासून आम्ही दोन अडचणी पार केल्या होत्या. आधी तर आवाजच नव्हता. नवशिक्यांचं हे नेहमीचं आहे. लॅपटॉपला सांगावं लागतं, की आवाज तुझ्या पोटातल्या स्पीकरला नको, कंट्रोलरला दे. ते सांगितलं. मग घूंऽऽ असा आवाज यायला लागला. तो बहुतेक वेळा चार्जरमुळे येतो. चार्जर काढला, लॅपटॉप बॅटरीवर घेतला, घूं बंद. मास्तर म्हणाले, "डॉक्टर आहे बापा तुमी." मला बरं वाटलं.

आणि मग ही बाई गेली.

"गाणं जाऊ द्या," मी म्हणालो. "रेकॉर्डिंग लावा."

मास्तरांनी रेकॉर्डिंग लावलं. लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाच्या लाटा सरकत होत्या. कंट्रोलरचे हिरवे दिवे नाचत होते. स्पीकरमधून काहीही आलं नाही. बारीक आवाज नाही, खरखर नाही, अगदी चिडीचूप.

मास्तरांनी हेडफोन कानाला लावला. "कानात तर वाजून राहिली!"

"हेडफोन वेगळा, मोठा स्पीकर वेगळा," मी म्हणालो. "मोबाइलचं रेकॉर्डिंग हॉलच्या सिस्टिमला पेलत नाही. फाइलच खराब आहे."

या बोलण्याला काडीचा अर्थ नव्हता. पण आमच्या धंद्यात कारण सापडलं नाही की भारदस्त आवाजात काहीतरी सांगायची सवय लागते. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि आपल्याला विचार करायला पाच मिनिटं मिळतात.

मी हॉलच्या मिक्सरवर गेलो. मिक्सर म्हणजे सगळ्यांचे आवाज जिथे एकत्र होतात ती पेटी. आवाज वाढवून पाहिला, आमची केबल घटकाभर माइकच्या खाचेत घालून पाहिली. स्टेजवरचा माइक बोलत होता, म्हणजे स्पीकर चांगले होते. राहिली केबल. ती मी त्याच पहाटे दुकानात बनवली होती आणि मीटर लावून तपासली होती. प्रत्येक तारेला टूं वाजलं होतं, म्हणजे तार कुठे तुटलेली नव्हती. म्हणून केबलवर मी संशयच घेतला नाही.

गुलाबराव पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. पांढरा सदरा, नवी टोपी, उजवा हात मांडीवर ठेवलेला. त्यांची जीभ अजून जड होती.

"वाजून... नाही राहिली का?" त्यांनी विचारलं.

"वाजते, वाजते," मास्तर त्यांच्याकडे न बघताच म्हणाले.

तेवढ्यात फोन आला. वऱ्हाड मोहगावहून निघालं होतं आणि जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला थांबलं होतं. नारळ फोडला की निघणार, फार तर पाऊण तास.

"मास्तर, असं करा," मी हळूच म्हणालो. "सनईची एखादी तयार धून लावून द्या. लोकांले काय समजते?"

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. "लोकांले नाही समजत. त्याले समजते ना!"

मग ते कंट्रोलरच्या मागे गेले आणि त्यांनी तारांना हात घातला.

"हात नका लावू, मास्तर. आणखी बिघडंल."

"सुरेशभाऊ, बँडात गडबड झाली की मी काय करतो मालूम आहे? एकेकाले चूप करतो. ज्याले चूप केल्यावर बँड सुधरते, खोट त्याच्यात."

माझ्या केबलच्या कंट्रोलरकडच्या टोकाला दोन पिना होत्या. पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. मास्तरांनी लाल पिन उपटली.

क्लॅरोनेट वाजायला लागली.

आवाज बारीक होता, थोडी घरघर होती, पण वाजत होती. माझे कान तापले. एका क्षणात मला सगळं कळलं होतं.

झालं होतं असं. कार्यालयाच्या मॅनेजरने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, की तुमच्यासाठी एकच लाइन रिकामी आहे, ती पण माइकची. माइकच्या पिनेला तीन काड्या असतात. एक जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. उरलेल्या दोन काड्यांवर एकच आवाज जातो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. मिक्सर एकीतून दुसरी वजा करतो, त्यामुळे वाटेत तारेत शिरलेला कचरा निघून जातो आणि आवाज राहतो. पद्धत फार चांगली आहे. मी मात्र पहाटेच्या घाईत एका काडीला डावा आवाज जोडला आणि दुसरीला उजवा. मिक्सरने डाव्यातून उजवा वजा केला. जे दोन्हीकडे सारखं, ते शून्य. सिनेमाच्या गाण्यात गाणारी बाई मधोमध असते, म्हणजे दोन्हीकडे सारखी, म्हणून ती गेली. मोबाइलचं ते रेकॉर्डिंग तर दोन्हीकडे अगदी एकसारखं, म्हणून ते अख्खंच गेलं. गाडीला एक बैल पुढून आणि एक मागून जुंपला, तर गाडी हलेल कशी? मीटर टूं म्हणाला तेही खरंच होतं. तारा जोडलेल्या होत्याच, फक्त चुकीच्या जागी.

"मास्तर," मी म्हणालो, "फाइल चांगली आहे. चूक माही आहे. केबल मी उलटी बांधली."

मला वाटलं आता ते ऐकवतील, आणि ऐकवलं असतं तर ते बरोबरच होतं. मास्तर फक्त म्हणाले, "बँडात कोनी चुकला तर मी नाव नाही घेत. पुढचं वाजव म्हनतो."

मी पिशवीतून तारा डागायची सोल्डरिंग गन काढली. उजव्या आवाजाची तार तोडली, ती काडी जमिनीला जोडली, लॅपटॉपमध्ये डावा-उजवा एक करायची सेटिंग चालू केली. काम दहा मिनिटांचं होतं. या वेळी प्रत्येक जोड दोनदा तपासला, म्हणून वीस लागली. बाई परत आली, घरघर गेली, क्लॅरोनेट भरदार वाजायला लागली. मास्तरांनी ती चार सुरांवरच थांबवली. पूर्ण वाजेल ती नवरदेव आल्यावरच, असं त्यांचं म्हणणं होतं.

नवरदेव दारात आला. मास्तरांनी बँडचा लाल कोट घातला होता, त्याची वरची दोन बटणं लागत नव्हती. त्यांनी चकतीशेजारचं बटण दाबलं आणि सवयीने दुसरा हात वर केला, समोर बारा माणसं उभी असल्यासारखा. क्लॅरोनेट सुरू झाली. आतल्या खोलीतून ज्योती नऊवारी सावरत धावत दारापर्यंत आली. बायका तिला मागे ओढत होत्या, ती हलली नाही. बापाकडे बघत ती रडत होती आणि हसत होती. मी मिक्सरच्या मागे होतो. मलाही रडू आलं, ते मी कोणाला सांगितलं नाही.

गुलाबराव डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. धून संपल्यावर त्यांनी डाव्या हाताने मास्तरांना जवळ बोलावलं. मास्तर वाकले. मीही जवळ गेलो, केबलबद्दल काही असेल तर ऐकून घ्यावं म्हणून.

"नामद्या," गुलाबराव एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तुही ट्रंपेट... तवा बी... मागंच पडत होती."

मास्तर एवढे हसले, की कोटाचं तिसरं बटणही गेलं.

त्यानंतर मी कुठलीही केबल नुसत्या मीटरवर तपासत नाही. तिच्यातून मोबाइलवरचं एक रेकॉर्डिंग वाजवून कानाने ऐकतो. रेकॉर्डिंग तेच, मास्तरांकडून मागून घेतलेलं अडीच मिनिटांचं. ट्रंपेट खरंच क्लॅरोनेटच्या मागे पडते.