जाड तारेची कुरकुर

पडदा वर जातो. सकाळचे अकरा. खिडकीशी लाकडी ओटा, त्यावर सरसाचं भांडं आणि डझनभर कानशी. छताच्या आकड्यांना मानेने टांगलेल्या आठ गिटारी. आणि ओट्यापाशी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बसलेली, ती मावशी. लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणतात. पंचेचाळीस वर्षं ती तारवाद्यं दुरुस्त करते आहे. हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं.

गिटारीच्या मानेच्या टोकाला हाडाची पट्टी असते, तिच्या खाचांतून तारा जातात. सासऱ्यांचा नियम एकच होता : "खाचेवर दोनदा कानस फिरवायची, मग तार चढवून ऐकायचं. न ऐकता तिसरा हात मारायचा नाही, सूनबाई."

चाळीस वर्षांपूर्वी एक काटकुळा गायक ती पट्टी बदलून घ्यायला आला. संध्याकाळी त्याचा कार्यक्रम होता, मावशीची लेक पाळण्यात टाहो फोडत होती, आणि घाईत तिसरा हात पडलाच. खाच केसभर खोल गेली. जाड तार जोरात छेडली की कुरकुरायची. मावशीच्या ध्यानात येईतो गायक गिटार घेऊन पसार झाला होता.

पुढे त्याने नावाड्यांची जुनी गाणी गिटार आणि ड्रमवर आणली, स्वतःची शेकडो रचली. पण त्याची खरी ओळख म्हणजे हळुवार हात. तारेला तो जेमतेम शिवायचा, गळाही तसाच खाली, आणि भरलेलं मैदान कान पुढे करून बसायचं. नंतरचे सगळे त्याच्यासारखं हलकं वाजवू लागले. चुकून उमटणारी ती कुरकुरसुद्धा इतकी आवडली की वादक मावशीकडे येत, "आमच्या तारेला तशी कुरकुर आणून द्या."

"इथं वाद्यं नीट होतात. बिघडवायची तर घरच्या पोरांच्या हाती द्या!"

आतून नवरा ओरडायचा, "अगं, एवढी गाजलेली चूक जगात दुसऱ्या कोणाची नसेल. पाटीवर लिहू का?"

"लिहा. आणि जेवणही तुमचं तुम्हीच बनवा."

हसण्यावारी नेलं तरी ते तिच्या मनाला लागून होतं. ज्याचं वाद्य बिघडवलं, त्यालाच सांगायचं राहिलं होतं.

आणि आज तोच दारात उभा. केस पांढरे, कोट ढगळ, हातात तीच गिटार. परवा त्याचा अखेरचा कार्यक्रम, आणि हाडाची पट्टी तडकलेली.

मावशीने तारा उतरवल्या, पट्टी तळहातावर घेतली. आता नाही तर कधीच नाही.

"एक सांगते. ही खाच माझ्या हातून खोल गेली होती. तार कुरकुरते ती माझ्यामुळे. इतकी वर्षं सांगायला तोंड नव्हतं रे."

गायक स्टुलावर बसला.

"म्हणजे माझा हात जड नव्हता?"

"कोण म्हणालं जड?"

"मीच. वाटायचं, मी आडदांडासारखा वाजवतो म्हणून तार ओरडते. कोणाला दाखवलीही नाही, हसले असते. मग हात हलका केला. तो हलका, म्हणून गळाही खाली आणला." बोलता बोलता त्याला हसू फुटलं, डोळे पुसत तो म्हणाला, "मावशी, या हातावर लोकांनी पुस्तकं लिहिली हो!"

"मग आता कशी करू? होती तशी, की नीट?"

"नीट. एकदा ऐकू तरी द्या."

मावशीने नवी पट्टी बसवली. दोनदा कानस, तार, कान. पुन्हा एक हलका हात, पुन्हा कान. मग गिटार त्याच्या मांडीवर ठेवली.

त्याने आधी सवयीने तारेला नुसतं बोट लावलं. मग दात ओठ खाऊन हाणलं. आवाज असा निर्मळ निघाला की टांगलेल्या आठही गिटारी गुणगुणल्या. नवरा कणकेच्या हातांनी धावत आला, "काय पडलं?"

"काही नाही हो, मी वाजवतोय," गायक म्हणाला, आणि त्याने पुन्हा हाणलं.

निघताना उंबऱ्याशी तो थांबला. "मावशी, परवा याल ना?"

"येते की. पण जोरात वाजव हं, मी मागे बसणार आहे."