तीन वायरींची मोटर

मी हेलिकॉप्टरची मोटर उलटी जोडली होती. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि तिला माझ्या बाकी सगळ्या फजित्या तोंडपाठ आहेत. तशी ती नुसती चूक. चुका मी दिवसाला चार करतो आणि त्यांचे किस्से करून सांगतो. लोक हसतात, मी त्यांच्या पैशानं चहा पितो. मग हीच का लपवली? कारण तिच्या मागे दुसरं काहीतरी उभं आहे. तिथवर पोचायला मला जरा वेळ लागेल. बसा.

हेलिकॉप्टर म्हणजे हातभर लांबीचं, बॅटरीवर उडणारं, रिमोटचं. साल २००८. मी अकोल्याचा, नोकरी हिंजवडीच्या आयटीतली, आणि राहायला कासार आंबोलीत, एका शेतकऱ्याच्या घरालगतच्या खोलीत. ऑफिसातल्या आम्हा चौघांना हे वेड होतं. भात निघालं की मालकांचं खाचर मोकळं व्हायचं, तिथं आम्ही रविवारी उडवायचो. जागा माझ्यामुळं मिळालेली. मंडळीत माझी किंमत तेवढीच. बाकी माझं हेलिकॉप्टर सगळ्यांत अशक्त. मूळची मोटर त्याला कशीबशी गुडघ्यापर्यंत उचलायची आणि चार मिनिटांत इतकी तापायची की तिच्यावर पापड भाजावा. शेजारच्या टेबलावरचा सारंग त्याला गवत कापायचं मशीन म्हणायचा.

म्हणून मी नवी मोटर मागवली. जुनीला दोन वायरी, नवीला तीन. दिसायला सुपारीच्या डबीएवढी, पण जोर दुपटीहून जास्त. ती हाँगकाँगहून पोस्टानं येईपर्यंत तीन महिने मी ऑफिसात दुसरं काही बोललो नाही. कँटीनच्या माणसालाही पाठ झालं होतं. इतकं बोलून ठेवल्यावर ती उडायलाच हवी होती. नाहीतर मला त्या ऑफिसात तोंड कुठं होतं?

पहिला रविवार. सगळे गोल करून उभे. मी रिमोटची काडी वर ढकलली. पाती पिठाच्या गिरणीसारखी घरघरली — आणि हेलिकॉप्टर बसून राहिलं. आणखी जोर दिला. त्याचे पाय वाकले. जितका जोर द्यावा तितकं ते जमिनीला घट्ट धरून बसायचं, शाळेत जायचं नसलेल्या पोरासारखं. सारंग हसता हसता बांधावरच बसला. म्हणाला, भूगर्भाचं संशोधन चाललंय का?

आणि मी — इथं मला थोडं थांबू द्या —

मी म्हणालो, “मालकीणबाईंनी खोली झाडताना वायरी ओढल्यात वाटतं.”

किती सहज आलं ते तोंडातून! सगळ्यांनी माना हलवल्या. खेड्यातली बाई, झाडू, नाजूक यंत्र. कुणाला शंका येणार? माझ्या खोलीला कुलूप असायचं, झाडू तिथं मीसुद्धा कधी मारत नसे, हे कोण विचारणार?

ही मालकीणबाई म्हणजे हौसाकाकू. नवरा उरवड्याच्या कारखान्यात पाळीवर. शेती त्या आणि त्यांचे दीर नाना बघायचे. आता ऐका, मी आळ कुणावर घेतला ते. वायरमन खांबावर चढून काही जोडून गेला की कधीकधी विहिरीवरची मोटर उलटी फिरायला लागते. घरघर सगळी होते, पण पाणी बोटाएवढं. असं झालं की अख्खी आळी हौसाकाकूंना हाक मारायची. त्या मेन स्विच खाली ओढायच्या, पेटी उघडायच्या, तिनातल्या दोन वायरी अदलाबदल करायच्या आणि परत खुरपायला जायच्या. सासऱ्यांकडून शिकलेल्या. नानांना ते खुपायचं. बाईमाणसानं पेटीला हात लावू नये, असं ते येताजाता म्हणायचे, पण त्यांना स्वतःला येत नव्हतं, त्यामुळं नुसतं म्हणायचे. त्या पंचक्रोशीत वायरीला नीट हात लावणारं एक माणूस होतं, आणि वायरी ओढल्याचा आरोप मी नेमका तिच्यावर केला.

आणि मी कोण? इलेक्ट्रिकल इंजिनियर. पहिला वर्ग.

बुधवारी मी आजारपणाची रजा टाकली आणि अंगणात हेलिकॉप्टर मांडून बसलो. गिअर बदलला, बॅटरी बदलली, उदबत्तीसुद्धा लावली. ते रुतूनच बसायचं. पलीकडे हौसाकाकू भात पाखडत होत्या. बराच वेळ बघत होत्या, मग सूप खाली ठेवून जवळ आल्या.

“तुजा पंखा उलटा फिरतुया,” त्या म्हणाल्या. “हितला कोंडा बघ, वर उडतोय. वारं खाली लागाया पायजे का न्हाई?”

मी बघितलं. कोंड्याचा भोवरा पात्यांमधून वर चालला होता. पहिल्या रविवारपासून मी कानांनी मोटर ऐकत होतो. वारा कुठं जातोय हे बघावं असं मला सुचलंच नव्हतं.

“वायरी किती हायेत मोटरीला?”

“तीन.”

“मग दोन बदल की.”

परीक्षेत हा प्रश्न मला पाच मार्कांना आला होता. पाचही मिळाले होते. मी दोन वायरी बदलल्या, काडी हलवली, आणि हेलिकॉप्टरनं माझ्या नाकासमोरून अशी उडी घेतली की मी मागे पडलो तो थेट सुपात. काकू हसल्या नाहीत. भात गोळा कर म्हणाल्या.

दुसरा रविवार. तो दिवस — काय सांगू? आजही डोळे मिटले की दिसतो. आळीतली माणसं बांधावर आली होती, हौसाकाकू होत्या, नाना होते. मी काडी वर नेली. गुडघा गेला, डोकं गेलं, आंब्याचा शेंडा खाली राहिला. ऊन पात्यांवर चकाकत होतं आणि आवाज कसा, ताणलेल्या तारेसारखा. मी वळवलं, वळलं. थांबवलं, तर हवेत खुंटीला टांगल्यासारखं थांबलं. सारंगचं हेलिकॉप्टर त्याच्या हातात होतं. त्यानं ते हळूच पाठीमागे लपवलं. ते मी पाहिलं! उतरवलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. लग्नातल्या धरत नाही.

मग सगळ्यांनी विचारलं, कसं जमवलंस? आणि मी व्याख्यान दिलं. तीन फेज, फिरतं चुंबकीय क्षेत्र, हवेची दिशा. “कोंड्यावरून माझ्या लक्षात आलं,” असंसुद्धा म्हणालो. कोंडासुद्धा सोडला नाही मी तिचा.

हौसाकाकू चार पावलांवर उभ्या होत्या. सारंग त्यांच्याकडे वळून हसत, काही वाईट मनात न धरता म्हणाला, “काकू, आता परत वायरी ओढू नका हं खोली झाडताना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे एक वाक्य होतं. एकच. “त्यांनी नाही रे, मीच” — एवढंच. मी बूट बांधायला खाली वाकलो. सुटला नव्हता.

“न्हाई वढत,” काकू म्हणाल्या.

पण नानांनी ऐकलं होतं. “तरी मी म्हनत हुतो, हिचा हात असाच,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरच्या पेटीला कुलूप लागलं. किल्ली नानांच्या खिशात.

तुम्हाला वाटेल, मग मला झोप आली नसेल. आली हो. छान आली. त्या रविवारी आम्ही पौड रस्त्यावर मटण खाल्लं आणि मी दोन वाट्या रस्सा जास्त घेतला. माझा आनंद तसूभर कमी झाला नाही, हे मला आजही सगळ्यात जास्त टोचतं. सारंग अजून माझी ओळख “मोटर ओळखावी तर यानं” अशी करून देतो, आणि मी अजून मान खाली घालून लाजतो.

दहा-बारा दिवसांनी वायरमन खांबावर चढून गेला आणि विहिरीवरची मोटर उलटी झाली. वांगी सुकायला लागली होती. नाना काकूंकडे गेले नाहीत, माझ्याकडे आले.

“सायेब, तुमी त्या दिवशी फेजचं सांगत हुता. जरा बघता का?”

आता नाही कसं म्हणणार? गेलो. आळी जमली होती. नानांनी कुलूप काढलं, पेटीचं दार उघडलं. आतल्या वायरी माझ्या अंगठ्याएवढ्या जाड. हेलिकॉप्टरची बॅटरी अकरा व्होल्टची, इथं चारशे चाळीस! मी दोन्ही हात खिशात घातले. सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि मागे वांग्यांच्या वाफ्यात हौसाकाकू खुरपं घेऊन उभ्या. खरं बोलायची ही दुसरी संधी होती. इतकी सोयीची संधी देवानंही कुणाला दिली नसेल.

मी काय केलं? घसा खाकरला आणि म्हणालो, “काकूंनाच करू दे. मी इथं उभा राहून लक्ष ठेवतो.”

त्या आल्या. हात पदराला पुसले, स्विच खाली ओढला, टेस्टर लावून बघितला, दोन वायरी सोडल्या, फिरवून बसवल्या. मी मधेमधे “बरोबर” म्हणत होतो. हो, म्हणत होतो. स्विच वर केला आणि पाइपातून पाणी असं उसळलं की पुढची माणसं ओरडत मागे पळाली. पाटातून पाणी वांग्यांकडे धावलं. नाना मला म्हणाले, बरं झालं सायेब, तुमी हुता. मी म्हणालो, त्यात काय, सोपं असतं.

हे ते. हेच सांगायचं होतं. याला कारण नाही; मी शोधलं, नाही सापडलं.

काकूंनी पेटी बंद केली, कुलूप लावलं, आणि नानांनी हात पुढे केला तरी किल्ली स्वतःच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. नानांचा हात तसाच राहिला. पाणी वाहत होतं. काय रुबाब होता त्या गाठीचा! मी टाळ्या वाजवणार होतो.

खुरपं उचलून त्या माझ्या जवळून गेल्या, तेवढ्यापुरत्या थांबल्या आणि मलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, “वायरीला भ्यालास, ते समजलं. खरं बोलाया बी करंट बसतो व्हय रं तुला?”