दोब्रिनाने घंटा धरून ठेवली

जानेवारीच्या बर्फाची दोब्रिनाला कधीच भीती वाटली नाही. तो पडला तिथे दगडासारखा पडून राहतो. तिला धडकी भरायची ती मार्चच्या उन्हाची. दुपारी ते ऊन लागलं की तोच बर्फ आतून पाणावतो, जड होतो आणि कुठल्या क्षणी सुटेल याचा नेम राहत नाही.

बाल्कन पर्वताच्या धारेवर, झाडं संपतात त्याच्याही वर, तिचा आणि नाय्देनचा निवारा होता. डोंगर चढून येणाऱ्यांना दोघं गरम सूप आणि झोपायला फळ्या द्यायची. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा सासूने चूल दाखवायच्या आधी खिडकीतून घळ दाखवली होती. उन्हाळ्यात गावची वाट त्या घळीतून सरळ वर येते. हिवाळ्यात घळ बर्फाने भरते, मग वाट धारेवरून लांबलचक वळसा घेते, आणि त्या वळशावर लोखंडी खांब रोवलेले असतात.

"खांब सोडायचा नाही," सासू म्हणाली होती. "आणि जो सोडेल त्याला आपल्या हाताने जेवायला वाढायचं नाही."

आता दोब्रिनाचे केस पांढरे झाले होते. येणाऱ्या प्रत्येकाला ती सुपाबरोबर हे वाक्यही वाढायची. ऐकत नसे तो एकच माणूस, तिचा नवरा नाय्देन. एरवी खांबांवरून येताना प्रत्येक खांबावर काठी आपटत यायचा, मास्तर हजेरी घेतात तसा. पण घाई असली, की घळ त्याला खुणावायची.

त्या दिवशी पाहुणे सकाळीच उतरून गेले होते. घरात दोब्रिना आणि तिची विधवा नणंद गिना, दोघीच. गिना कांदा चिरत होती. तेवढ्यात गावातून लेकीचा, रालित्साचा, फोन आला.

"आई, बाबा निघाले बरं का! पीठ, चीज, सगळं घेतलंय. आणि ऐक तर, शाळेच्या धुराड्यावर करकोचा आला! बाबांनीच पहिला पाहिला."

दोब्रिनाच्या हातातला डाव थांबला. "त्याच्या मनगटावरचा दोरा कुठाय?"

"सोडला की! परसातल्या आलुबुखाराच्या फांदीला बांधला."

"आणि कोट?"

"इथेच खुंटीला आहे. म्हणाले, मार्ता म्हातारी हसली, आता कसला हिवाळा?"

"निघाला कधी?"

"जेवून."

दोब्रिनाने फोन ठेवला. मार्चच्या पहिल्या तारखेला तिनेच त्याच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला होता. करकोचा दिसला किंवा झाड फुललं की तो काढायचा, ही रीत तिलाही प्यारी होती. पण मार्ता म्हातारी म्हणजे मार्च महिनाच, लहरी बाई, सकाळी हसेल आणि दुपारी थोबाडीत देईल. शिवाय करकोचा गावात उतरतो, धारेवर नाही.

दुपार कलली आणि खालून धुकं चढलं. खिडकी पांढरी झाली. दोघी बाहेर आल्या. गावची शाळा मुलांअभावी बंद पडली तेव्हा तिची घंटा नाय्देनने पाठीवर बांधून वर आणली होती. धुक्यात ती तीनदा वाजवायची, मग थांबायचं, कान द्यायचा.

दोब्रिनाने दोरी ओढली. थांबली. काही नाही. पुन्हा ओढली. बऱ्याच वेळाने खालून शीळ आली. दोन बोटं तोंडात घालून तो मारायचा, तीच.

"आला गं माझा भाऊ!" गिना हसली. "वाजव, वहिनी!"

दोब्रिनाने वाजवली. शीळ पुन्हा आली, अधिक जवळून. पण उजवीकडच्या खांबांच्या बाजूने नाही. थेट समोरून, खालून.

घळीच्या अल्याड घंटा, पल्याड नाय्देन. घंटा त्याला सरळ आपल्याकडे ओढत होती.

तिने दोरी सोडली आणि घंटेच्या आतला लोळा मुठीत घट्ट धरला.

"थांबलीस का?"

"तो घळीत शिरतोय. आवाज ऐकला तर असाच सरळ येत राहील."

"अगं, आवाज नाही आला तर कुठेही भरकटेल! सोड!" गिनाने दोरीला हात घातला. "माझा भाऊ आहे तो!"

"आणि माझा कोण, भाडेकरू?" दोब्रिनाने लोळा सोडला नाही. "हाक मारू नकोस, गिना. तुझ्या पाया पडते."

खाली शीळ वाजली. उत्तर नाही म्हणून पुन्हा वाजली, चिडून. दोब्रिनाने डोळे मिटले. लोखंडाचा गारवा तळहातातून कोपरापर्यंत चढला. मग शीळही थांबली.

आणि मग तो आवाज आला. घरातली सगळी पोती कोणीतरी एकदम जिन्यावरून ढकलावीत, तसा. पायाखालची फरशी थरथरली. घळीतला बर्फ सुटला होता.

गिना मटकन बर्फात बसली. दोब्रिना उभीच. तो आत असेल, तर शेवटच्या क्षणी त्याने माझी वाट पाहिली आणि मी गप्प बसले. हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. चुलीवर सूप करपत होतं, त्याचा वास येत होता, तरी ती लोळा मुठीत धरूनच होती.

टण्.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा उजवीकडून, वरून, टण्. लोखंडावर काठी.

नाय्देन धुक्यातून बाहेर आला तेव्हा पाठीवर पोतं होतं आणि सदरा अंगाला चिकटला होता. ओठ निळे.

"झोपा काढत होता का दोघी?" तो कापत ओरडला. "घळीत उतरलो, दहा पावलं गेलो नाही तर घंटा बंद! त्या पांढऱ्यात जाणार कुठे? मुकाट्याने मागे चढलो, चाचपत खांब गाठला. आणि मग मागे..." त्याने घळीकडे फक्त हात केला.

गिना रडत त्याच्या गळ्यात पडली आणि जे घडलं ते अर्धवट सांगू लागली. दोब्रिनाने आत नेऊन त्याला घोंगडीत गुंडाळलं, लाल आणि पांढरी लोकर पिळून नवा दोरा केला आणि त्याच्या मनगटावर आवळून गाठ मारली.

"झऱ्यावरच्या वाळुंजाला कळी येईपर्यंत काढायचा नाही. आणि कळी मी बघणार, तू नाही."

"करकोचा खरंच होता गं," तो हळूच म्हणाला.

"असेल. त्याला पंख आहेत."

तो पातेल्याकडे बघत राहिला. दोब्रिनाने डाव उचलला. तळहातावर लोळ्याचा लाल वळ उठला होता. सासूचा नियम तिने आजवर मोडला नव्हता, आजही मोडला नाही. तिने डाव गिनाच्या हातात दिला.

"तू वाढ त्याला. तळातलं नको, करपलंय."