दोरीवरचा नंबर

"दोरीला हात लावायचा नाही!" राणेबाईंच्या हाताखाली नोकरीला लागले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला दिलेली ही सलामी. बाई लालबागहून ट्रामने यायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि बोटं शाईने काळी करून घ्यायच्या. कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, आमच्या कंपनीत खाती पाच आणि प्रती काढायचं सायक्लोस्टाइल मशीन एकच. ज्याला प्रती हव्यात त्याने आपलं स्टेन्सिल, म्हणजे मजकूर टाइप केलेला मेणकागद, आणून भिंतीवरच्या दोरीला शेवटच्याच्या मागे चिमट्याने अडकवायचं. बाई डावीकडून एकेक उतरवणार. हा नियम कंपनीचा नव्हता, बाईंचा होता. म्हणूनच तो चालायचा.

साहेब लोक स्टेन्सिलवर लाल पेन्सिलीने 'अर्जंट' लिहून पाठवत. "अगो, ह्या हापिसात अर्जंट नाय असा काय आसा, तां दाखव माका," बाई मला म्हणायच्या. एकदा शिपायांच्या भजनी मंडळाचा कागद हेडक्लार्कच्या पुढे लागला, तर ते तणतणत आले. बाई हँडल फिरवता फिरवता म्हणाल्या, "तो तुमच्या आधी आला. उद्या तुम्ही त्याच्या आधी या."

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला त्या दिवशी आम्ही चाळीस जण कामावर गेलो नाही. बाईही नाहीत, मीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेब स्वतः स्टेन्सिल घेऊन आले. त्यावर नोटीस: गैरहजर राहिलेल्यांनी आज संध्याकाळी पाचपर्यंत लेखी माफी मागावी, नाहीतर नोकरी गेली असं समजावं. घरची चूल माझ्या एकटीच्या पगारावर होती हो!

"राणे, हे आधी."

"दोरीवर लावा, साहेब. पुढे आठ आहेत."

साहेब लालबुंद झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "तू चालव मशीन." मी म्हटलं, "मला येत नाही, साहेब." धडधडीत खोटं! हँडल फिरवायला कसली आलीय अक्कल? शेवटी साहेबांनी स्टेन्सिल दोरीला नववं अडकवलं आणि पाय आपटत निघून गेले.

बाईंनी त्या दिवशी कुचराई केली असं कुणी म्हणेल तर त्याच्या तोंडावर सांगेन, दुपारचा डबासुद्धा त्यांनी उघडला नाही. आठही कामं एक डाग न पाडता काढली. आठवं संपलं तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. मग त्यांनी नोटीस उतरवली आणि चाळीसच्या चाळीस प्रती काढून वाटल्या. मुदत आज पाचची! सगळं हापिस खो खो हसलं. त्या हसण्यात भीती कुठल्या कुठे गेली. माफी एकानेही लिहिली नाही, आणि चाळीस जणांना एकदम काढायची साहेबांची छाती झाली नाही.

एकटीवर सूड उगवायची मात्र झाली. आठवड्याभरात दोरीवर एक हुकूम लागला: राणे यांची शिवडीच्या गोदामात बदली, प्रत सर्व खात्यांना. पुढे तीन कामं होती. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "बाई, मी हे शेवटी नेऊन लावते. कुणाला कळणार आहे?"

"खबरदार!" बाई कडाडल्या. "साहेबाचा पुढे नाय घेतला, तर माझा मागे कसा जाईल?"

तीन कामं झाली. बाईंनी आपल्याच बदलीचं स्टेन्सिल मशीनवर चढवलं, प्रती काढल्या, एकेक उजेडात धरून पाहिली. पहिली माझ्या हातात देत म्हणाल्या, "जा, साहेबाला दे. म्हणावं, नंबराने आली."