पांदणीतून परत

अमरावतीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही वीस-पंचवीस माणसं आपापल्या मरणाची चर्चा करायला जमत असू. एका मंगल कार्यालयाची मागची खोली फुकट मिळायची. पुढे साखरपुडा चाललेला, मागे आम्ही. एका माणसाला जाळायला किती झाडं लागतात, शेणाच्या कांड्यांवर भागतं का, विद्युतदाहिनी बरी की नुसतं मातीत पुरलेलं बरं, असं सगळं चहापोह्यांबरोबर चालायचं. एकदा मागच्या खुर्चीवरचे एक आजोबा उठले आणि म्हणाले, आमच्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या पुरतातच, तुम्ही आज कसला शोध लावला? सगळे हसले. मेल्यावर आपलं काय करायचं हे लिहून ठेवायचे फॉर्म मी तयार केले होते, म्हणून मी जरा कमी हसले.

पहिला फॉर्म माझ्या बाबांनी भरला. त्यांची सगळी नोकरी अकोल्यात माती तपासण्यात गेली. मूर्तिजापूरच्या पुढे आमचं वावर आहे, खारपाणपट्ट्यातलं, काळंभोर आणि हट्टी. दर उन्हाळ्यात बाबा त्याच्या मातीचे नमुने काढायचे आणि सेंद्रिय कर्ब कमी आला की घरात चिडचिड करायचे. मला इथंच पुरा, तेवढाच कर्ब वाढेल, असं ते जेवता जेवता म्हणत आणि आई ताटावरून उठून जाई. जाळायचं नाही, हेही त्यांनी शंभरदा बजावलं होतं. राख अल्कधर्मी, आपली जमीन आधीच अल्कधर्मी. एकदा जळालो की मी या वावराच्या कामाचा राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

आई कशी तयार झाली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जानेवारीत हुरडा खायला आम्ही वावरात गेलो होतो. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या कडुनिंबाखाली बाबांनी काठीने एक लांबट चौकोन आखला आणि ही माझी जागा म्हणून सांगितलं. आईने झाडाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग मले हिकडून ठेवा. दुपारची सावली हिकडं येते." बाबांनी दुसरा चौकोन आखला. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून आईने सही केली, साक्षीदार म्हणून काकांनी दोघांच्याही फॉर्मवर केली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. गावात राहतात, वावर तेच वाहतात. ग्रामपंचायतीचा परवानगीचा कागदही बाबांनी महिन्याभरात आणून ठेवला. आमच्या सभेत मी हा फॉर्म सगळ्यांना दाखवायची. बघा, असा भरायचा असतो.

त्या दिवशी गाडी पांदणीतून थेट वावरापर्यंत गेली होती, मागे धूळ उडत होती. फॉर्ममध्ये सगळे रकाने होते. फक्त माणूस कोणत्या महिन्यात मरणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. जन्मभर माती हातात घेऊन बसलेल्या बाबांनाही सुचलं नाही. आपण सगळे हुरड्याच्या दिवसांतच मरणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

बाबा श्रावणात गेले, अकोल्याला, पहाटे, छातीत कळ येऊन. आठवडाभर पाऊस लागलेला होता. मी अमरावतीहून पोचले तेव्हा आईने एकच गोष्ट विचारली, फॉर्म आणला का? आणला होता. शववाहिका मूर्तिजापूरकडे निघाली तेव्हा आईच्या मांडीवर तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत होता.

काकांनी सकाळीच दोन माणसं खड्डा खणायला पायी पाठवली होती. वाटेत त्या दोघांचा फोन आला. कंबरेएवढं खणलं की बाजूची माती ढासळते आणि खालून पाणी भरतं. बादलीने काढलं की पुन्हा भरतं. मी म्हणाले, काढत राहा. मला त्या माणसांचा राग आला, पावसाचा आला, बाबांचाही आला. काळी माती पाणी धरून ठेवते हे मला त्यांनीच शिकवलं होतं, तिसरीत असताना, काचेच्या पेल्यात.

आईला काकांच्या घरी उतरवलं आणि आम्ही पांदणीच्या तोंडाशी आलो. पांदण म्हणजे गावातून वावरांकडे जाणारी गाडीवाट. पावसाळ्यात ती वाट राहत नाही. समोर कुणाचा तरी ट्रॅक्टर अर्ध्या चाकांपर्यंत रुतून पडलेला होता. वावर तिथून दीड मैल. शववाहिकेच्या ड्रायव्हरने काच खाली करून चिखलाकडे पाहिलं आणि काच वर केली. मी म्हणाले, खांद्यावर नेऊ. तिरडी उचलली, पुढे काका आणि मी, मागे दोन चुलतभाऊ.

गुडघ्यापर्यंत पाय जात होता आणि काढला की चप्पल खालीच राहत होती. मी अनवाणी झाले. शंभर पावलं गेलो असू, कदाचित त्याहून कमी. मागचा एक भाऊ घसरला, तिरडी कलली आणि बाबांचा हात कापडातून बाहेर आला. उजवा हात. बोटं चिखलाला लागली. आम्ही कशीबशी तिरडी सावरली. तो हात मी आत घालत होते आणि तो पुन्हा बाहेर येत होता.

मी चला म्हणाले. कुणी हललं नाही. मी दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा माझा आवाज फाटला होता. शब्द दिला आहे, सह्या आहेत, तुमचीच सही आहे, असं काहीबाही मी काकांना ऐकवत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दोन्ही हात तिरडीला असल्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "तो तुहा बाप हाय, पण माहा बी भाऊ हाय. त्याले असा चिखलात नको पाडू."

आम्ही परत फिरलो. फिरा, असं मीच म्हणाले. हे मला कुणावर ढकलता येत नाही.

गावच्या स्मशानात टिनाचं शेड आहे, पण लाकूड नव्हतं; जे होतं ते भिजलेलं. मला क्षणभर वेडी आशा वाटली. लाकूड नाही तर जाळणार कसं, थांबू, उद्या ऊन पडेल. मग माणसं यायला लागली. आमच्या गावात मयताला घरटी एक लाकूड द्यायची रीत आहे आणि हे पावसाळ्याचे दिवस, म्हणजे चुलीसाठी माळ्यावर जपून ठेवलेलं सरपण. एकेक जण छत्रीखाली, बरसातीखाली लाकूड धरून येत होता. बाबांनी या प्रत्येकाच्या वावराची माती कधी ना कधी तपासून दिली होती. एक म्हातारी खताच्या पोत्यात गुंडाळून दोन फाटे घेऊन आली. "घे माय, कोरडं हाय," ती मला म्हणाली, "सायबाले लागन." अमरावतीत मी लाकडाविरुद्ध तास तासभर बोलले आहे. मी हात पुढे केले आणि ते फाटे घेतले.

बाबा चांगले जळाले. असं म्हणायची पद्धत आहे आणि काका तसंच म्हणाले. वावरातल्या दोघांचा दुपारी पुन्हा फोन आला, पाणी आटोक्यात आलंय, किती वेळ लागेल विचारत होते. त्यांना कळवायचंच राहून गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. मूठभर तरी वावरात टाकू, असं काका म्हणाले, मी नको म्हणाले. सगळी पूर्णा नदीत गेली.

त्यानंतर दोन रविवार मी सभेला गेले नाही. आईला अमरावतीला माझ्याकडे आणलं होतं. ती जेवायची, टीव्ही बघायची, त्या दिवसाबद्दल बोलायची नाही. मी मात्र मनाशी सगळं जुळवत होते. पांदणीवर मुरूम टाकायचा, खड्डा उन्हाळ्यातच खणून वर टिन ठेवायचं. बाबांच्या बाबतीत चुकले, आईच्या बाबतीत चुकायचं नाही. एका दुपारी मी तिला हे सगळं कागदावर आकृती काढून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग माझ्या टेबलाच्या खणातून स्वतःचा फॉर्म काढून आणला आणि माझ्यापुढे धरला.

"हा फाडून टाक. मले बी जाळजो."

मी विचारलं, का? तुला तर सावलीची जागा आवडली होती.

"जागा कायची?" आई म्हणाली. "ते तिथं हायेत काय आता? त्या वावरात मी एकटी काय करू?"

मी अजून फाडलेला नाही. ती रोज विचारते, फाडला का, आणि मी हो म्हणते.