बडतर्फ फौजदाराचा अर्ज

सत्तर सालानंतरची काही वर्षं मी सोलापूरच्या कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचो. दर सोमवारी एक माणूस अर्ज टाइप करून घ्यायला यायचा. पोलिसातून काढलेला फौजदार होता तो. अंगावर खाकी नव्हती, तरी बसण्याआधी चारी बाजूंना नजर टाकायचा. अर्ज एकच असायचा : मागावर काम करणाऱ्या बाईचा खून कारखान्याच्या मालकानेच केला आहे, पुन्हा तपास व्हावा.

त्याच खुनात त्याने आधी मंद्रूपच्या एका मजुराला पकडलं होतं. मारून कबुली घेतली, खोटा साक्षीदार उभा केला. मजुराला जन्मठेप झाली. पुढे खरा पुरावा हाती आला आणि त्याने मालकाला बेड्या घातल्या. महिन्याभरात मालक सुटला, फौजदारावरच लाचेचा आळ आला आणि त्याची नोकरी गेली.

"गरिबाला तुडवलं तवा बढती दिली," तो एकदा म्हणाला. "खऱ्याला धरलं तवा घरी बसवलं."

इतर दिवशी तो मालकाच्या बाजारपेठेतल्या कापडदुकानासमोर उभा राहायचा, मालकाने आपल्याला बघावं म्हणून. एके दिवशी मालक अंथरुणातच वारला. बाजारपेठ बंद राहिली.

त्यानंतरच्या सोमवारीही तो आला.

"आता कशाला अर्ज?" मी विचारलं.

"तो मजूर आत हाय की. लिवा, कबुली मी मारून घेतली, साक्षीदारबी खोटा."

"तुम्हीच आत जाल."

"व्हय. लिवा."

अर्ज गेला. पुढे कितीतरी दिवस तो पिशवीत दोन कपडे घेऊन माझ्याजवळ बसून राहिला. त्याला धरायलासुद्धा कोणी आलं नाही.